शिंपीणबाईंचा उजवा हात

१२ जून

दादा,

तुझ्या वकिलाचं पत्र पोचलं. माझ्या नावाआधी 'श्रीमती' वाचून क्षणभर वाटलं, पोस्टमन घर चुकला. तू मला छोटी म्हणतोस, फारच चिडलास तर बये म्हणतोस. फोन तू उचलत नाहीस, म्हणून मीही लिहायला बसले. उत्तर वकिलाला नाही, तुलाच देतेय.

तुझ्या लेकीला मी फूस लावून आणलेलं नाही. ती तिच्या पायांनी आली. परीक्षेत कोरा पेपर दिला म्हणून तू तिला सगळ्या शाळेसमोर उभं केलंस, मुख्याध्यापकाच्या मुलीला वेगळा न्याय नाही असं माइकवरून सांगितलंस, त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या पेपरला ती काय करत होती, हे तू विचारलंस का? डोक्यावरचा पंखा खडखडत होता. सगळा वेळ ती त्याच्याकडे बघत होती. घंटा झाल्यावर टेबलावर स्टूल ठेवून वर चढली आणि त्याचे स्क्रू आवळून खाली उतरली. पर्यवेक्षकांनी तुला स्टूल सांगितलं. खडखड थांबली, ते सांगितलं नसेल.

नोटिशीत लिहिलंय की मी तिला 'शिक्षणापासून वंचित' ठेवते. तू आमची शाळा एकदाच पाहिलीस, तीही दारातून. अजून आम्ही त्याच बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात आहोत. भिंती हातभर जाड, त्यामुळे उन्हाळ्यात पंखा लागत नाही. वीसेक मुलं आहेत. सरकारी इस्पितळातून मोडक्या चाकाच्या खुर्च्या, खाटा, सलाइनचे स्टँड येतात. मुलं ते उघडतात, बिघाड शोधतात, दुरुस्त करून परत पाठवतात. नळी तिरकी कापायची वेळ आली की कोन येतो, कोन आला की त्रिकोणमिती येते, आणि मग मी फळ्याकडे वळते. फळा आहे आमच्याकडे. तुला वाटतं तितके आम्ही रानटी नाही. हत्यारं फिटरकाका शिकवतात. आयुष्यभर रेल्वेच्या कारखान्यात होते, आता आमच्याकडे असतात आणि माझ्यासकट सगळ्यांना रागावतात.

भिंगरी चार चार तास एका जागी बसते. विश्वास नाही बसणार. जिला आपण भिंगरी हे नावच एका जागी ठरत नाही म्हणून ठेवलं, ती खुर्चीचं चाक मांडीवर घेऊन बसली की जेवायला हाक मारावी लागते.

नोटीस आणि त्यातली, तिला परत पाठवायची ऑगस्टअखेरची मुदत मी तिला दाखवली. तिनं वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाली, "बाबांना सांग, मी शिकतेय." तेवढंच. वहिनीला माझा नमस्कार सांग. तिला फोन करायला तू मना केलंयस, हे मला ठाऊक आहे आणि तरी ती करते, हे तुला ठाऊक असावं.

तुझी, नोटिशीतली श्रीमती

४ जुलै

दादा,

इकडे सगळं ठीक आहे. भिंगरीची तब्येत छान आहे, वजन थोडं वाढलंय. तिच्यासाठी वहिनीनं पाठवलेला स्वेटर मिळाला. आता कसला स्वेटर, पण मिळाला.

मी बरेच दिवस तुझ्या शाळेच्या निकालाबद्दल विचारीन म्हणत होते. वर्तमानपत्रात फोटो पाहिला. तू बारीक झालायस. गोळ्या वेळेवर घेतोस ना?

आमच्याकडे काम जरा मंदावलंय. इस्पितळानं या आठवड्यात खुर्च्या पाठवल्या नाहीत. परवा एका खुर्चीचं पुढचं चाक निघालं, म्हणून ते सगळ्याच खुर्च्या एकदा तपासतायत. अशा गोष्टी होतात. मुलांना मी या निमित्तानं भूमितीची उजळणी देतेय, तुला आवडेल.

एक विनंती. या आठवड्यात भिंगरीला फोन करू नकोस. वहिनीलाही सांग. तिला जरा सर्दी झालीय, आवाज बसलाय. बरी झाली की तीच करेल.

नोटिशीबद्दल पुढच्या वेळी सविस्तर लिहीन.

छोटी

८ जुलै

दादा,

तिला सर्दी झालेली नाही. तू सात महिन्यांत एकदाही तिला फोन केला नाहीस, आणि मी तुला करू नको म्हणून लिहिलं, तेव्हाच तुला कुठेतरी पाणी मुरतंय हे कळलं असणार. वहिनीनं काल फोन करून माझ्याकडून सगळं काढून घेतलं. ती तुला सांगेलच. त्याआधी माझ्याकडून ऐक.

चाक निघालं तेव्हा खुर्चीत एक बाई बसलेल्या होत्या. पन्नाशीच्या असतील. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या दिवशी त्या घरी निघाल्या होत्या. मदतनीस त्यांना दाराबाहेरच्या उतारावरून खाली नेत होता. मध्यावर पुढचं डावं चाक निखळलं, खुर्ची त्या बाजूला कलली आणि बाई पुढे फेकल्या गेल्या. ऑपरेशनचा पाय वाचवायला त्यांनी उजवा हात टेकला. मनगट मोडलं, दोन ठिकाणी. गुडघा वाचला.

त्या शिंपीण आहेत. एकट्या राहतात. दुकान त्यांचं, शिवणारे हातही त्यांचेच.

खुर्ची आमच्याकडून गेलेली होती. आणि ते चाक भिंगरीनं बसवलं होतं.

काय झालं ते नीट सांगते, कारण तुला 'निष्काळजीपणा' हा शब्द सुचला असेल आणि तो पुरता खरा नाही, पुरता खोटाही नाही. चाकाच्या दांड्याला जो नट लागतो, त्याच्या आत नायलॉनचं कडं असतं. त्या कड्याची पकड एकदाच. एकदा उघडला की तो नट टाकून द्यायचा, हे फिटरकाका पहिल्याच आठवड्यात शिकवतात. त्या दिवशी डब्यातले नवे संपले होते आणि खुर्ची न्यायला गाडी दारात उभी होती. तिनं जुनाच घट्ट आवळून बसवला. हलवून पाहिला. मग नेहमीप्रमाणे मी हलवून पाहिला, आणि जाऊ द्या म्हटलं. तेव्हा तो घट्टच होता. खडबडीत फरशीवर फिरून फिरून तो हळूहळू सैल झाला.

तिनं मला हे स्वतः सांगितलं. इस्पितळातून निरोप आला, तो ऐकताना ती माझ्या शेजारी उभी होती. "कोणती खुर्ची?" एवढंच तिनं विचारलं, आणि उत्तर ऐकून तिच्या चेहऱ्याचं जे झालं ते मी तुला लिहून सांगू शकत नाही.

शुक्रवारी इस्पितळाच्या अधीक्षकांनी बोलावलंय. काम कुणी केलं, हे त्यांना हवंय. मी सांगणार आहे की शेवटची तपासणी माझी, तेव्हा जबाबदारी माझी. भिंगरीचं नाव मी घेणार नाही. तिला तसं सांगून ठेवलंय, आणि त्या बाईंना भेटायला जायचं नाही, असंही सांगितलंय. प्रकरण कुठवर जाईल माहीत नाही. सोळा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर हे बसू नये.

तू मला एकदा म्हणाला होतास की वर्ग ही चुकण्याची सगळ्यात सुरक्षित जागा आहे, तिथे चुकलं तर लाल शाई सांडते, रक्त नाही. मी हसले होते. तुझ्या शाळेत चुकू तरी कुठे देतात, असं काहीतरी लागट बोलले होते. चार दिवस झाले, ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

तुला हवा होता तो पुरावा मी माझ्या हातानं लिहून दिलाय. वकिलाला दाखवायचा तर दाखव. पण आधी मला एक सांग, वकिलाला नको, मला सांग: तू माझ्या जागी असतास तर तिचं नाव घेतलं असतंस?

छोटी

१५ जुलै

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. मी वाट पाहिली, नाही म्हणत नाही.

अधीक्षकांच्या खोलीत लांब टेबल आहे. एका बाजूला अधीक्षक आणि त्यांची दोन माणसं, दुसऱ्या बाजूला मी आणि फिटरकाका. मुलांना बाहेर बाकावर बसवलं होतं. मी ठरवलं होतं तसंच बोलले. तपासणी माझी, चूक माझी, नट कुणी आवळला याला महत्त्व नाही. अधीक्षक चांगले गृहस्थ आहेत. त्यांनाही ते बरं वाटलं असावं. कुणाही मोठ्या माणसाला लहान मुलाचं नाव लिहून घ्यायला आवडत नाही.

तेवढ्यात दार उघडलं. भिंगरी आत आली आणि टेबलाच्या टोकाशी उभी राहिली. शब्द नीट आले.

"नट मी लावला. जुना होता, आणि तो पुन्हा वापरायचा नसतो हे मला माहीत होतं."

अधीक्षकांनी चष्मा काढला. "माहीत होतं, मग का लावलास?"

"नवे संपले होते. गाडी थांबली होती. मला वाटलं, चालेल."

फिटरकाका खाली बघत होते. मी तिचा हात धरायला उठले, तर तिनं तो मागे घेतला.

निकाल लगेच लागला. इस्पितळाचं काम बंद. आमच्याकडून गेलेली प्रत्येक खुर्ची ते बाहेरच्या मेकॅनिककडून तपासून घेणार. दुसऱ्या दिवशी तीन पालक येऊन आपापल्या मुलांना घेऊन गेले. त्यातल्या एका आईनं मला सांगितलं, ताई, तुमच्यावर राग नाही, पण आमच्या पोरानं असं काही केलं असतं तर आम्हाला झेपलं नसतं. मलाही झेपत नव्हतं.

खोलीतून बाहेर पडल्या पडल्या भिंगरीनं मदतनिसाला त्या बाईंचा पत्ता विचारला. मी नको म्हटलं. ओरडले सुद्धा, दादा, अगदी तुझ्यासारखी. ती चालायला लागली. मी मागोमाग.

बाजाराच्या मागच्या गल्लीत दुकान आहे. पुढे शिलाईचं मशीन आणि कापायचं टेबल, मागे पडदा, पडद्याआड पलंग. शिंपीणबाई टेबलापाशी बसल्या होत्या, हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला, पाय स्टुलावर. भिंगरीनं उंबऱ्यातूनच सांगितलं की चाक मी बसवलं होतं.

बाईंनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "माफी मागायला आलीस?"

"हो."

"माग आणि जा."

तिनं माफी मागितली. पण गेली नाही. तशीच उभी. मी तिच्या खांद्याला हात लावला, तर खांदा दगडासारखा.

मग बाईंचा बांध फुटला. मला वाटलं होतं शिव्या देतील. त्यांनी टेबलावरचे कपडे दाखवले, एकेक उचलून, डाव्या हातानं. हा परवा द्यायचा होता. हा अर्धा शिवलाय. याला बाह्या नाहीत. गिऱ्हाईक दारात येतं, माझा हात बघतं, अरेरे म्हणतं आणि कापड परत मागतं. "तुझ्या माफीनं यातली एक तरी शिवण पडणार आहे का?"

"मी करू?" भिंगरी म्हणाली.

"काय येतं तुला?"

"काही नाही."

बाईंनी हातातलं कापड खाली ठेवलं. "मग उद्या सकाळी ये. येतं म्हणाली असतीस तर हाकलून दिलं असतं."

छोटी

२९ जुलै

दादा,

मंगळवारी तू बर्फाच्या कारखान्याच्या दारात उभा राहिलास, तेव्हा माझ्या हातात कानस होती आणि ती मी खाली ठेवायला विसरले. तुझ्याशी तसं बोलायला नको होतं. तूही 'हा खेळखंडोबा' म्हणायला नको होतं. मुलं ऐकत होती. तू म्हणालास, तिला आजच्या आज घेऊन जातो. मी रागानं म्हटलं, शिंपीणबाईंच्या दुकानात आहे, जा, ने.

तू गेलास. आणि तिला न घेता परत गेलास. मला वाटलं, तिनंच नाही म्हटलं असेल. पण तिला तू आलेला माहीतच नव्हतं. संध्याकाळी शिंपीणबाई मला म्हणाल्या, समोरच्या औषधाच्या दुकानापाशी एक उंच गृहस्थ बराच वेळ उभे होते, पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. तूच ना? इतक्या उकाड्यात वरचं बटण दुसरं कोण लावतं?

काय पाहिलंस ते मला माहीत नाही, म्हणून त्या दिवशी आत काय चाललं होतं ते सांगते. त्या दिवशी तिला फार बोलणी बसत होती.

पहिला आठवडाभर तिला फक्त उसवायला दिलं. जुन्या कपड्यांच्या शिवणी, टाका न् टाका, कापडाला धक्का न लावता. मग सरळ शिवण, मग काजं. बाई शेजारी बसून सांगतात, चुकलं की डाव्या हातातली मोजपट्टी टेबलावर आपटतात. भिंगरीला वाटलं, आता आपल्याला जमायला लागलं. बाईंना डुलकी लागली होती, बाह्या कापायच्या राहिल्या होत्या, तिनं मनानंच कापल्या. सुरेख कापल्या, म्हणे. फक्त दोन्ही उजव्या.

बाई उठल्या, त्यांनी त्या बाह्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या आणि म्हणाल्या, "शिवण उसवता येते. कापलेलं परत येत नाही. हे तुला आता दुसऱ्यांदा कळतंय." आणि तिला गिऱ्हाइकाची वाट बघत बसवलं. गिऱ्हाईक आल्यावर बाई पडद्याआड गेल्या. सांगायचं ते तुझं तू सांग. ती गिऱ्हाईकबाई काही मायाळू नव्हती, तिनं गल्ली डोक्यावर घेतली. भिंगरी मान खाली घालून ऐकत होती. तू बहुधा त्याच वेळी समोर उभा असशील.

तुला पुढे होऊन तिला सोडवावंसं वाटलं का? मला वाटलं असतं. तू सगळ्या शाळेसमोर तिला उभं केलंस तेव्हा ती दुसऱ्या दिवशी घर सोडून आली. इथे तिला गल्लीसमोर उभं केलं, आणि ती दुसऱ्या दिवशी उजाडताच दुकानात गेली. यात माझा विजय वगैरे नाही. फरक कशात आहे ते मलाही नीट सांगता येत नाहीये, म्हणून तुला विचारतेय.

मुदत जवळ येतेय. तिला विचारलं, तर म्हणाली, मावशींचा हात सुटेपर्यंत नाही. हल्ली ती बाईंना मावशी म्हणते. त्या तिला अजून 'ए' म्हणतात.

छोटी

२४ ऑगस्ट

दादा,

प्लास्टर निघालं. मी आणि भिंगरी दोघी बाईंबरोबर गेलो होतो.

हात बारीक झालाय, ते होतंच म्हणतात. पण डॉक्टरांनी मूठ वळायला सांगितली, तेव्हा अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटं निम्म्यात थांबली. त्यांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा तिथेच. नसेला मार बसलाय. व्यायामानं थोडं सुधारेल, पुरतं नाही. सुई चिमटीत धरता येईल, हळूहळू. मशीनही चालेल. कात्री चालणार नाही. त्या दोन कड्यांत बोटं घालून उघडझाप करायला जे बळ लागतं, ते आता परत येणार नाही.

बाईंनी डॉक्टरांना एकच विचारलं, "डाव्या हातानं शिकता येईल का?" ते म्हणाले, प्रयत्न करा. बाई हसल्या. या वयात, असं काहीतरी पुटपुटल्या. शिंप्याचं सगळं कापण्यात असतं, दादा. शिवायला माणूस ठेवता येतो. गिऱ्हाईक येतं ते कापणाऱ्याच्या हातासाठी.

त्या दिवसापासून भिंगरीनं हत्यार हातात घेतलेलं नाही. कारखान्यात येते, कोपऱ्यात बसते. काल फिटरकाकांनी साधा पाना मागितला, तर तिनं तो उचलला, त्याच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या मुलीच्या हातात दिला. दुकानात जाते, झाडते, पाणी भरते, कापडाला हात लावत नाही. बाई काही म्हणत नाहीत. मोजपट्टीही आपटत नाहीत, आणि ते मला जास्त भीतीचं वाटतं.

आज सकाळी तिनं बॅग भरली. मी विचारलं, तर शांतपणे म्हणाली, "बाबांना कळव, मी येते. शाळेत परत बसते. तिथे माझ्यामुळे कुणाला लागणार नाही."

तेव्हा तू जिंकलास. मुदतीआधीच. कोर्टाची गरज नाही, मीही अडवणार नाही. रविवारी येऊन ने.

फक्त हे लक्षात ठेव की ती तुझ्या शाळेवर प्रेम बसलं म्हणून येत नाहीये. ती घाबरून येतेय. आयुष्यभर जिथे काही मोडू शकत नाही अशाच जागा शोधत राहील, अशी मला धास्ती वाटते. तू मुलांना शिकवण्यात माझ्यापेक्षा वीस वर्षं जास्त घालवलीस. घाबरलेल्या मुलाला काय करतात, ते तुला माहीत असेल. मला माहीत नाही. मला नट आवळायला शिकवता येतं.

छोटी

७ ऑक्टोबर

दादा,

त्या रविवारी तू आला नाहीस. गाडीचा आवाज आला की ती उठायची, बॅग घेऊन दारापर्यंत जायची. तू आला नाहीस, आणि मंगळवारी तिच्या नावानं तुझं पत्र आलं. पहिल्यांदा तिच्या नावानं. तिनं ते मला वाचायला दिलं, म्हणून मला माहीत आहे. 'त्या बाईंचा हात आता कसा आहे? कापायचं काम कोण करतं? ते मार्गी लागलं की ये. तोवर मी न्यायला येणार नाही. खोली तुझीच आहे.' खाली 'बाबा'. वकील नाही, मुदत नाही.

ती ते पत्र घेऊन बराच वेळ पायरीवर बसली. मला वाटलं, रडेल. ती उठली आणि फिटरकाकांकडे जाऊन म्हणाली, "काका, एक मोठी कात्री मोडायला हवी."

तू हात कसा आहे विचारलंस, त्याचं उत्तर तिनं तुला लिहिलंय की नाही, माहीत नाही. हात तसाच आहे. बोटं डॉक्टर म्हणाले तिथवरच वळतात. पण तळव्याला जोर आहे. भिंगरीनं ते बाईंच्या हाताखाली आपला हात ठेवून पाहिलं. दाबा म्हणाली, कुठून जोर येतो ते बघत राहिली. म्हणाली, बोटांनी चालवायचीच कशाला?

तिनं कात्रीच्या खालच्या पात्याची मूठ कापून ते पातं एका लाकडी पट्टीवर पक्कं बसवलं. पट्टी टेबलावर टेकते. वरच्या पात्याला कड्याऐवजी तळव्याएवढी लाकडी फळी लावली, तिला आम्ही थाप म्हणतो. थाप दाबली की कात्री मिटते, मधली स्प्रिंग तिला उघडते. बोटांना काही कामच नाही. सांगायला सोपं वाटतं. पहिली केली, तिची स्प्रिंग इतकी कडक की बाईंना दोन हातांनी दाबावी लागली. दुसरीची पट्टी टेबलावरून घसरायची, कापड चघळल्यासारखं व्हायचं. बाईंनी ती परत दिली आणि म्हणाल्या, हिनं गवत काप. भिंगरी तोंड पाडून आली. मी काही सुचवणार होते, पण फिटरकाकांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. तीन दिवस ती स्प्रिंगा ताणून, काय वजन टांगलं की किती लांबते ते फळ्यावर लिहीत होती. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, आत्या, या आकड्यांची सरळ रेघ येते, का येते? बाबांनी शिकवलं होतं, मी तेव्हा ऐकलं नव्हतं. मी शिकवलं. खरं तर तू पुन्हा शिकवायला हवं होतंस. हे तुझं काम होतं.

तिसरीवर बाईंनी आधी वर्तमानपत्रं कापली, मग जुनी चादर. चार दिवस फक्त चादर. भिंगरी रोज विचारायची, कुठे टोचते का, कुठे अडते का. बाई म्हणायच्या, काम कर तुझं.

काल सकाळी एक गिऱ्हाईक कोटाचं कापड टाकून गेलं. करडं, लोकरीचं, असं कापड त्या दुकानात वर्षातून एकदा येत असेल. मी तिथेच होते. मला वाटलं, बाई ते कपाटात ठेवतील. त्यांनी ते टेबलावर पसरलं, हातानं सारखं केलं, खडूनं रेघा मारल्या. वेळ घेऊन मारल्या. मग ती कात्री पुढे ओढली.

भिंगरी दाराकडे सरकली. बाईंनी न बघता तिला बोलावलं. "इथे उभी राहा. कापताना बघ."

दादा, खोटं कशाला बोलू, मला वाटत होतं, बाईंनी आज नको, अजून थोडे दिवस चादरच कापावी. बिघडलं असतं तर त्या पोरीनं पुन्हा कधी काही हातात धरलं नसतं, आणि बाईंनीही. बाईंनी तळवा थापेवर ठेवला. त्यांनी तो उचलला, पदराला पुसला, पुन्हा ठेवला आणि दाबला.

कापड कापलं जाण्याचा एक आवाज असतो, सलग, कोरडा. तो रेघेच्या टोकापर्यंत कुठेही थांबला नाही. बाईंनी कापलेला तुकडा उचलून उजेडात धरला, कड बोटानं तपासली. मग थापेच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि भिंगरीकडे वळल्या.

"ही कड घासून आण. दिवसभर वापरली तर तळव्याला लागेल." आणि पुढचा तुकडा ओढत म्हणाल्या, "आणि दुसरी एक कर. ही बोथट झाली की मी काय करू?"

भिंगरी कात्री घ्यायला पुढे झाली, तर बाईंनी ती दिली नाही. काम संपल्यावर घे, म्हणाल्या.

हाताचं हे असं आहे. बरा नाही, पण कामाला लागलाय. इस्पितळाचं काम अजून बंदच आहे. अधीक्षक म्हणतात, जानेवारीत बघू. गेलेल्या तीन मुलांपैकी एक परत आलंय. डब्यात नवे नट आहेत की नाही, हे आता भिंगरी स्वतः रोज बघते आणि संपत आले की माझ्या मागे लागते.

तिनं सांगितलंय, दुसरी कात्री झाली की चार दिवस घरी येणार. राहायला नाही, भेटायला. स्प्रिंगेचं पुढचं तिला तुझ्याकडून समजून घ्यायचंय, माझं समजावणं तिला पटत नाहीये. तेव्हा त्या दिवशी घरी राहा, आणि कृपा करून वरचं बटण उघडं ठेव.

छोटी